पारीचा दुसरा अर्थ

ही गोष्ट अजून घडायची आहे, तेव्हा साक्षीदार मागू नये. ज्याला खोटी वाटेल त्याने दहा-बारा वर्षं दम धरावा आणि मग पूर्व विदर्भातल्या झाडपट्टीत जाऊन खुशाल विचारावं. डोमाजी गुरुजींचं घर कुठलं, हे तिथली कुत्रीसुद्धा सांगतील. आणि अस्सल झाडीबोलीत सांगतील.

कारण गुरुजींनी ती बोलीच पोत्यांनी भरून ठेवली होती. डोमाजी बोरकुटे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय एकाहत्तर. कोणी रानात मोहफुलं वेचतं, कोणी तेंदूची पानं. गुरुजी शब्द वेचत. बाजारात दोघं भांडायला लागले की लोक सोडवायला धावत आणि गुरुजी खिशातलं कार्ड काढून धावत. एकदा अस्वल मागे लागलं, तेव्हा पुढे पळणाऱ्या गुराख्याने दिलेली हाळी त्यांनी झाडावर चढून आधी टिपून घेतली, आणि मग स्वतः बोंब मारली. चाळीस वर्षांत एकेचाळीस हजार कार्डं झाली. घरातले उंदीर ती कार्डं कुरतडून इतके विद्वान झाले होते, की मांजर त्यांना खाण्याआधी व्युत्पत्ती विचारून घेई.

गुरुजींची बायको भागरता मात्र त्या कार्डांना ‘तुमचा कचरा’ म्हणे. ती देवकाबाई सुईणीची लेक. शब्दांपेक्षा माणसं बाहेर काढायला जास्त अक्कल लागते, असं तिचं मत होतं.

त्या साली नदीपलीकडच्या डोंगरात बंदुका बोलू लागल्या. कोणाची बंदूक कोणावर, हे बंदूकवाल्यांनाही धड सांगता येत नव्हतं. अकरा गावं रिकामी झाली. माणसं नदी ओलांडून अलीकडे आली आणि बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या आवारात छावणी उभी राहिली. एकोणीसशे माणसं, त्यात बायाच जास्त. नर्स एकच, जिन्सी सिस्टर, केरळची. तीही आठवड्यातून दोन दिवस.

मग सरकारने पेटी पाठवली.

पेटी म्हणजे भिंतीला टांगलेलं, गिरणीतल्या डब्याएवढं यंत्र. कागदोपत्री तिचं नाव ‘बोलती सुईण’; बाया तिला पेटीबाई म्हणत. पडद्याआड जाऊन तिच्याशी बोलायचं. ती ऐकायची, बाईच्याच बोलीत दोन-चार प्रश्न विचारायची, आणि गरज वाटली तर पोटातला खण उघडून तपासणीची पट्टी पुढे करायची. रक्ताच्या थेंबावर पंडुरोग आणि सिकलसेल, लघवीच्या थेंबावर गर्भ आणि त्याचे आठवडे. पट्ट्या मोजक्या होत्या. म्हणून खण उघडायचा की नाही, हे पेटी ऐकलेल्या बोलण्यावरून ठरवी. आधी शब्द, मग पट्टी.

आता पेटीला शब्द कळायचा कसा? गावात नवी सून आली की गाव तिची कुंडली मागत नाही. ती कोणाच्या ओट्यावर बसते, कोणाबरोबर पाण्याला जाते, हे बघतं आणि तिला ओळखतं. पेटीही तसंच करी. तिच्या आत प्रत्येक शब्दाला एक घर होतं, आणि जे शब्द बोलण्यात जवळजवळ येतात त्यांची घरं एका आळीत. अनोळखी वाक्य आलं की ते कोणत्या आळीतलं ते ती हुडके. पण तिच्यात एक खोड होती. एखादी आळीच तिला कोणी दाखवली नसेल, तर ‘मला ठाऊक नाही’ असं ती म्हणत नसे. जवळात जवळची आळी गाठून तिथल्या घराची कडी वाजवी.

मोठ्या भाषांसाठी अशा यंत्रांना अब्जावधी वाक्यं लागत. नवी विद्या अशी निघाली होती, की मोठ्या मराठीच्या खोडावर बोलीचं कलम करायचं. त्याला एक चांगला कोश आणि तीनशे तास आवाज पुरे. तो कोश होता गुरुजींचा. आणि कलम करताना गुरुजींनी एक अट घातली होती. मुंबईहून आलेल्या इंजिनिअरसमोर टेबलावर मूठ आपटून घातली होती: “जो शब्द आमच्या कोशात आहे, त्याचा अर्थ आमच्याच कोशातला धरायचा. तुमच्या पुण्या-मुंबईच्या मराठीनं मधात तोंड घालायचं नाही!”

इंजिनिअरने मान डोलावली. अट मान्य झाली. गुरुजींची छाती त्या दिवशी एवढी फुगली, की भागरतेला सदऱ्याची दोन बटणं लावून द्यावी लागली.

*

पेटी लागून चार महिने झाले आणि छावणीत गुरुजींचा सत्कार ठरला.

कारखान्याच्या जुन्या गोदामात मांडव घातला होता. शिबिरप्रमुख ठोंबरे साहेबांनी माइक हातात घेतला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला आकडे फार आवडत.

“पेटीमुळे आपल्याला महिलांची खरी अडचण कळली,” ते म्हणाले. “चार महिन्यांत तीनशे बारा तक्रारी. आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या एकाच गोष्टीच्या! महिलांचा रांगेतला नंबर चुकतोय. पाण्याच्या रांगेत, धान्याच्या रांगेत. आपण काय केलं? अकरा नळ वाढवले. आणि जिची पाळी चुकली तिला पेटीच पुढच्या नंबरचं टोकन देते. हे कोणामुळे झालं? गुरुजींच्या कोशामुळे!”

टाळ्या झाल्या. गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. समोर बसलेल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसत होत्या. गुरुजींना वाटलं, आनंदाने हसताहेत.

“एक प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे,” ठोंबरे म्हणाले. “कोण येतं, बाई? लाजू नका.”

कोणी उठेना. मग मागच्या बाजूने एक बाई उठली. असेल बावीस-तेवीसची. अंगावर ढगळ लुगडं, त्यावर उन्हाळ्याचे दिवस असूनही शाल. तिला प्रात्यक्षिक वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आज मोठे साहेब आलेत, तर आज तरी कोणी ऐकेल. पेटी मांडवात आणून ठेवली होती. ती तिच्याजवळ गेली आणि तोंडाला पदर लावून हळूच म्हणाली,

“पेटीबाई, माही पारी चुकली वं. लय दिवस झाले.”

पेटी गोड आवाजात म्हणाली, “काळजी करू नको, बाई. पारी चुकली तं चुकली. हे घे, आता तुहा नंबर पयला.”

आणि फटीतून एक टोकन बाहेर आलं. क्रमांक १.

मांडवभर टाळ्या. बाई टोकनाकडे पाहत उभी राहिली. गुरुजी हसले, कारण पेटीने ‘वं’ला ‘वं’च्याच ठेक्यात उत्तर दिलं होतं. किती गोड बोलते, पोरगी!

शेजारच्या खुर्चीत काहीतरी हललं. भागरता उठली होती. ती मंचाच्या पायऱ्या उतरली, तिने त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला, तिला मांडवाच्या कडेला नेलं, आणि दोघी तिथे जमिनीवर बसल्या. पाच मिनिटं. गुरुजी आभाराचं भाषण करत होते, त्यात ते ‘बोली ही माय आहे’ इथपर्यंत आले होते. भागरता परत आली आणि सगळ्यांसमोर, पण फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“हार काढा.”

“काहून?”

“काढा म्हनते ना. थे रांगेचं नाही सांगून राहिली जी. थे आपल्या अंगाचं सांगते.”

गुरुजींचं वाक्य ‘माय’वरच थांबलं.

*

जिन्सी सिस्टरने पेटीचा खण किल्लीने उघडला आणि पट्टी काढली. सायतरा असं त्या बाईचं नाव. पलीकडच्या डोंगरातली. नवरा तेलंगणात मिरच्यांच्या मळ्यावर कामाला गेलेला. त्याला जाऊन आठ महिने झाले होते आणि आता हंगाम संपून तो यायच्या बेतात होता. त्यामुळे हिशेब करायला गणित लागत नव्हतं.

गुरुजी दाराबाहेर बाकावर बसले होते. आतलं सगळं ऐकू येत होतं. दाराला दारच नव्हतं, गोणपाट होतं.

“ट्वेंटी-फाइव्ह,” सिस्टर म्हणाली. मग मोडक्या मराठीत, “पंचवीस आठवडा झाला. आणि सिकल पण आहे. चेची, म्हणजे ताई, ती आधी का नाही आली?”

“आली ना,” भागरता म्हणाली. “चारदा आली. तुमची पेटी हाय ना शायनी. नंबर देल्ला तिनं चारदा.”

सायतराने शालीखालून टोकनं काढली. तीन जुनी, एक आजचं. जुनी घामाने मऊ पडली होती. तिने ती जपून ठेवली होती. तिला वाटत होतं, हा डॉक्टरीणबाईकडे जायचा नंबर आहे आणि कधीतरी पुकारा होईल.

“मी अर्धंच सांगतली जी,” ती भागरतेला म्हणत होती. “पुरं कसं सांगू? लाज वाटे. म्हनलं, पेटीबाई हाय, बाईमानूस हाय, अर्ध्यात समजून घेईन.”

“पयल्या दिवशी काय सांगतलं होतंस?”

आतून टोकनं एकावर एक ठेवल्याचा आवाज आला.

“पारी चुकली, आनि नदी उतरताना दोघाइनं हात धरला मनून सांगतली.”

बाहेर बाकावर गुरुजींच्या हातातली टोपी खाली पडली.

सिस्टरने पेटीतली जुनी नोंद काढली आणि वाचली. ती सरकारी मराठीत होती, म्हणून तिला वाचायला अडचण आली नाही: “लाभार्थी महिलेस नदी ओलांडताना दोन अनोळखी पुरुषांनी हात देऊन साहाय्य केले. शेरा: सदर इसमांचा शोध घेऊन अभिनंदन करावे.”

गोणपाट बाजूला झालं. मग भागरता बाहेर आली. गुरुजींकडे न बघताच म्हणाली, “इतक्या बाया ‘पारी चुकली, पारी चुकली’ म्हनून कशा सांगत होत्या, इचारलं मी. पाच-सहा जनी खऱ्या होत्या. बाकीच्याइले समजलं, का असं म्हनलं का पान्याच्या रांगेत पुढं जाता येते. म्हनून साऱ्याच म्हनू लागल्या. हसत होत्या थ्या मघाशी, ते तुमाले नाही. आपल्या हुशारीले हसत होत्या.”

“आनि ही?”

“ही खरी. त्या गलक्यात हिचा आवाज बुडला.”

गुरुजी टोपी उचलायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. एखादं कार्ड शोधावं तसे जमिनीकडे बघत.

*

कायद्याचं असं होतं. त्या सुमारास चोवीस आठवड्यांपुढे गर्भपाताची परवानगी मिळणं फार अवघड. पण विस्थापित बायांसाठी एक नवं कलम आलेलं: छावणीतल्या बाईचे आठवडे मोजायचे ते तिने पहिल्यांदा मदत मागितली त्या दिवसावर. कारण छावणीत बाई वेळेवर मागते आणि व्यवस्था उशिरा पोचते, हे कायदा करणाऱ्याला कधी नव्हे ते कळलं होतं. सायतराने पहिल्यांदा मागितलं तेव्हा नववा आठवडा होता.

फक्त तिने मागितलं, हे सिद्ध व्हायला हवं होतं. आणि कागदावर तिने चार वेळा काय मागितलं होतं, तर पाण्याच्या रांगेतला नंबर.

जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाची बैठक गुरुवारी होती. सिकलसेल रक्तात असताना दिवस जितके वर जातील तितका तिचा धोका चढत होता. सिस्टरने तिला सगळं समजावून सांगितलं, ठेवलं तर काय, नाही ठेवलं तर काय. सायतराने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मले नाही पायजे.” त्यानंतर तिने ते वाक्य परत म्हटलं नाही. एकदा म्हणायलाच तिला चार महिने लागले होते.

बुधवारी दुपारी ठोंबरे साहेब गुरुजींच्या घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला.

“गुरुजी, उद्या तुम्हाला बोलावलंय. घाबरू नका. सरळ सांगा, की हा अर्थ आमच्या भागात आढळला नाही. संपलं! मशीनची चूक, कंपनीची चूक. तुमच्या नावाला धक्का नाही. आणि महिन्याभरात तुमच्या नावाने बोलीभवन होतंय, ते वेगळंच.”

“पन मंग त्या बाईचं?”

“तेच तर. मंडळ म्हणेल, कोशकारालाच हा अर्थ ठाऊक नाही, तर तिच्या बोलण्याचा तो अर्थ धरता येत नाही. पण त्याला आपण काय करणार? दुसरा काही मार्ग निघेल.” ठोंबरे उठले. उंबऱ्यापाशी थांबले. “तुम्हाला ठाऊक नव्हताच ना तो अर्थ?”

गुरुजी म्हणाले, “चहा घेऊन जा.”

ठोंबरे गेल्यावर गुरुजी आत गेले. पलंगाखालून कार्डांचे खोके सारले, त्यामागून आणखी सारले, आणि भिंतीला लागून ठेवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झाकणावर एका गोऱ्या बाईचं पुसट चित्र होतं, आणि त्यावर चिकटवलेल्या कागदावर गुरुजींचं ठसठशीत अक्षर: ‘वगळलेले’.

आत सदतीस कार्डं होती. शब्द फेकून द्यायला गुरुजींचा जीव होत नसे. देवकाबाई सुईणीने, म्हणजे सासूने, सत्तावीस वर्षांपूर्वी अंगणात सुपारी कातरताना एका दमात हे सगळे शब्द सांगितले होते. बाईला दिवस राहिले की काय म्हणायचं, पोट पडलं की काय, अंगावरून गेलं की काय, आणि कोणी जबरीने काही केलं तर बाया ते कोणत्या शब्दांत सांगतात. “लिव्हा जवाईबाप्पू,” ती म्हणाली होती. “माह्यासंगं मरून जातीन हे शबद.” गुरुजींचे कान लाल झाले होते. त्यांनी मान खाली घालून लिहिलं होतं. आणि कोश छापताना, पुढे पेटीला देताना, ही सदतीस कार्डं बाजूला काढली होती. कोश शाळेत जाणार. उद्घाटनाला मंत्री येणार. भर सभेत कोणी पान उघडलं आणि हेच पुढे आलं तर?

‘पारी (स्त्री.)’ या कार्डावर पहिला अर्थ होता: क्रम, खेप. त्याखाली दुसरा अर्थ लिहून त्यावर लाल शाईची आडवी रेघ ओढली होती, आणि बाजूला: ‘असभ्य. वगळावे.’ खाली सही आणि तारीख. सवयीने. गुरुजी प्रत्येक कार्डावर सही करत.

‘हात धरणे’ या कार्डावरही तशीच रेघ.

भागरता चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिने डबा पाहिला. तिला तो डबा ठाऊक होता का? ठाऊक असावा. बत्तीस वर्षांच्या संसारात पलंगाखालची गोष्ट बायकोला ठाऊक नसते, असं फक्त नवऱ्याला वाटतं.

“माह्या मायनं तुमाले सांगतलं होतं,” ती एवढंच म्हणाली.

गुरुजींना वाटलं, पुढे काहीतरी बोलेल. शिव्या देईल. तिने सुपातला एक खडा काढून बाहेर फेकला आणि पुढची मूठ घेतली.

*

मंडळापुढे तीन माणसं बसली होती. मध्ये डॉक्टर मृणाल देवस्थळे, अध्यक्ष. भिंतीवर पडदा होता. बोललेलं सगळं त्यावर आपोआप उमटे. साक्ष कोणत्याही बोलीत द्या, पडदा लिहून घेई.

सायतरा भिंतीकडच्या बाकावर, शाल पांघरून. तिच्या एका अंगाला सिस्टर, दुसऱ्या अंगाला भागरता.

“गुरुजी, ‘पारी’ या शब्दाचा अर्थ सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

गुरुजींनी घसा खाकरला. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस. पण घाबरला की तोंडाला बोलीच यायची. “पयला अर्थ क्रम, म्याडम. दुसरा अर्थ… बाईची पारी.”

पडद्यावर उमटलं: दुसरा अर्थ, बाईचा क्रम.

“म्हणजे महिलांची वेगळी रांग?” एका सदस्याने विचारलं.

“नाही, नाही. पारी म्हनजे… जे महिन्याले येते थे.”

पडदा: महिन्याला येणारा नंबर.

“धान्याचा?” सदस्याने विचारलं.

पडद्याच्या पोटातही त्यांचाच कोश होता. कलम त्यांनीच केलं होतं, अट त्यांनीच घातली होती. ते जे जे झाकून सांगत होते, ते ते पडदा त्यांच्याच कोशाने आणखी झाकत होता. आपलाच मळा, आपलंच कुंपण, आणि वाट सापडत नाही. ज्या गल्लीत सायतरा चार महिने फिरत होती, तिच्यात ते चार मिनिटंच उभे होते, आणि त्यांचा जीव गुदमरला.

त्यांनी भागरतेकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

“बाईच्या अंगावरून महिन्याच्या महिन्याले रक्त जाते,” गुरुजी मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. “थ्या रक्ताले आमच्याकडे पारी म्हनतात. पारी चुकली म्हनजे बाई गरवार हाय. आनि बाईचा हात धरला म्हनजे… म्हनजे तिच्यावर जबरी केली. असा अर्थ हाय. आमच्या इकडं कोनीबी बाई हे असंच सांगते. दुसऱ्या शबदात सांगतच नाही.”

पडद्याने या वेळी सगळं लिहिलं. चुकायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टर देवस्थळेंनी चष्मा काढला. “हे अर्थ कोशात नाहीत. तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते?”

मागे ठोंबरे साहेब खोकले. तो खोकला नव्हता. ते उघडं ठेवलेलं दार होतं. ‘नव्हते’ एवढं म्हणायचं, आणि बाहेर. तीन अक्षरं.

गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून दोन कार्डं काढली आणि टेबलावर ठेवली. लाल रेघ वर करून.

“ठाऊक होते. सत्तावीस वर्षांपासून ठाऊक होते. ही माही सही.”

“मग का वगळले?”

कोशात या प्रश्नाला द्यायला शब्द खूप होते. संकोच, औचित्य, शिष्टाचार, लोकाभिरुची. गुरुजींनी एकेक मनात उचलला आणि परत ठेवला.

“लाज वाटली,” ते म्हणाले.

ते मात्र पडद्याने एक काना-मात्रा न चुकवता लिहिलं. आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत ते दोन शब्द भिंतीवर तसेच राहिले, सगळ्यांना वाचता येतील इतके मोठे.

*

मंडळाने पहिलं टोकन वेळेत केलेली मागणी म्हणून धरलं. सायतराला त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात नेलं. भागरता तिच्याबरोबर गेली आणि अकरा दिवस तिच्या उशापायथ्याशी राहिली. मध्ये तीन दिवस वाईट गेले. रक्त चढवावं लागलं. नवव्या आठवड्यात एका गोळीने जे झालं असतं, त्याला पंचविसाव्यात काय काय लागतं, हे गुरुजींनी घरी भात करपवत बसून फोनवर ऐकलं. भागरता त्यांना काही लपवून सांगत नसे. आता त्यांनी सगळं ऐकायचंच, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

बोलीभवन काही झालं नाही. ‘सभ्य कोशाचा असभ्य कारभार’ अशा मथळ्याखाली बातमी आली. गावातल्या लोकांनी ती वाचली आणि गुरुजी दिसले की दुसरंच काही बोलू लागले. ती शिव्यांपेक्षा जड गोष्ट होती.

मग एके सकाळी इंजिनिअर परत आला. वगळलेले शब्द पेटीत घालायचे होते. शब्द बायांनी सांगायचा, आणि कोशकाराने तो आपल्या आवाजात म्हणून अर्थ पक्का करायचा, अशी त्या कलमाची रीत होती. म्हणून छावणीतल्या गोदामात साठ-सत्तर बाया बसल्या, आणि त्यांच्यापुढे स्टुलावर, पेटीला तोंड करून, डोमाजी गुरुजी. हार नव्हता.

पहिला शब्द एका म्हातारीने सांगितला. गुरुजींनी तो म्हटला. बाया फिसकन हसल्या.

“मोठ्यानं जी, गुरुजी! शाळंत आमाले म्हनत होते ना, मोठ्यानं म्हना!”

“पुढच्यायले ऐकू येते, मांगच्यायले नाही!”

गुरुजींनी मोठ्याने म्हटला. दुसरा म्हटला. दहावा म्हटला. त्यांचे कान जे लाल झाले ते तसेच राहिले. एका बाईने म्हणे त्या कानांवर हात शेकून घेतले. सदतीस कार्डं संपली तरी शब्द संपेनात. डब्यात नव्हते, देवकाबाईनेही सांगितले नव्हते, असे शब्द निघत होते. गुरुजींना दर शब्दागणिक कळत होतं, की आपला एकेचाळीस हजारांचा कोश म्हणजे अर्ध्या गावाचा कोश होता.

बाया हसत होत्या तेव्हा दाराशी सायतरा येऊन उभी राहिली. हाडं वर आलेली, शाल नाही. हसणं आपोआप बंद झालं. ती बायांमधून वाट काढत पुढे आली आणि पेटीसमोर थांबली.

“पेटीबाई,” ती म्हणाली, “माही पारी चुकली होती.”

पेटी म्हणाली, “किती दिवस झाले होते, बाई? आनि आता तुही तब्येत कशी हाय?”

सायतरा गुरुजींकडे वळली. गुरुजी स्टुलावरून उठले. एवढ्या शब्दांच्या धन्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“इले समजलं आता,” सायतरा म्हणाली. “एवढंच पायजे होतं. एवढंसंच.”

मग तिने स्टूल आपल्याकडे ओढलं.

“सरका मांगं, गुरुजी. आता आमची पारी हाय.”

पेटी टुणकन म्हणाली, “कोनती पारी, बाई? रांगेतली का अंगाची?”

आधी म्हातारी हसली. मग साऱ्या जणी. गोदामाच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडून गेली. सायतरा हसली नाही. पण तिने पदर तोंडाला लावला नाही, आणि पेटीवर सरळ ओणवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“दोन्ही.”

गुरुजी मागे सरले. मागे मागे सरत दारापर्यंत गेले. तिथे उशिरा आलेल्या बाया उभ्या होत्या, पेटीशी बोलायला, एकीमागे एक. त्यांच्याही मागे, सगळ्यात शेवटी, गुरुजी जाऊन उभे राहिले. टोपी हातात धरून, मान खाली घालून. कोणी त्यांना पुढे बोलावलं नाही, आणि त्यांनीही नंबर मागितला नाही.